परत आलेल्या गोण्या

मुलांनो, आज आधी माझी एक फजिती सांगते.

ऑगस्ट २०१९ मधली गोष्ट. सांगली-कोल्हापूरला महापूर आला होता. कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून घराघरांत शिरल्या होत्या. टीव्ही लावला की गच्चीवर बसलेली माणसं दिसायची, नावेतून येणाऱ्या आज्या दिसायच्या. माझ्याकडे तेव्हा चौथीचा वर्ग होता. एके दिवशी प्रार्थना झाल्यावर मुलंच म्हणाली, "बाई, आपण काहीतरी पाठवू या ना."

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "घरी विचारा आणि कपडे घेऊन या."

झालं! तीन दिवसांत वर्गाचा कोपरा फळ्याच्या उंचीपर्यंत भरला. आमच्या भिवंडीत कापडाला काय तोटा? गल्लीगल्लीत लूमची खटखट चालू असते. कुणी चादरी आणल्या, कुणी टॉवेल आणले. पण खरं सांगू का, बाकीचं बरंचसं सामान घरातून कधी एकदा जातंय म्हणून वाट पाहत असलेलं होतं. बटणं तुटलेले शर्ट, चेन बिघडलेल्या पँटी, कुणाच्या तरी लग्नातला काळा कोट. एक पायमोजा तर एकटाच आला होता. त्याचा जोडीदार कुठे गेला, कोण जाणे!

आणि एक फ्रॉक आला. पोपटी रंगाचा, खाली सोनेरी काठ. मामाच्या लग्नासाठी शिवलेला, एकदाच अंगावर घातलेला. ज्या मुलीने तो आणला तिचे वडील लूमवर रात्रपाळी करायचे. तिच्याकडे असे किती फ्रॉक असणार? तिने तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. माझ्या हातात देताना म्हणाली, "बाई, हा सगळ्यात वर ठेवा. नाहीतर चुरगळेल."

अकरा गोण्या भरल्या. दाभण-सुतळीने आम्हीच शिवल्या. एका पालकांचा टेम्पो होता, त्यांनी भाडं घेतलं नाही. मी आणि दोन पालक त्या गोण्या घेऊन मदत गोळा करण्याच्या एका ठिकाणी गेलो. तिथल्या दादाने गोण्या बघूनच हात जोडले. "बाई, रागावू नका. पण कपडे नकोत हो. ठेवायला जागा नाही. झाडू, फिनेल, चटया, पिण्याचं पाणी असं काही असेल तर आणा."

त्याच्या मागे पाहिलं तर खरंच छतापर्यंत कपडेच कपडे.

अकराच्या अकरा गोण्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग माझ्याकडे आणि गोण्यांकडे आळीपाळीने बघतोय. शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आपले कपडे वाईट होते का?" मला उत्तर सुचेना. मी म्हटलं, "चला, गणिताच्या वह्या काढा." मोठी माणसं अडचणीत सापडली की काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मनात आलं, संकट आलं की धावून जायचं, हेच ज्यांचं वर्षानुवर्षांचं काम आहे ती माणसं कशी धावतात? काय घेऊन जातात? म्हणून मी वाचायला लागले. वाचता वाचता मला एक फौज भेटली. बंदूक नसलेली फौज! आणि तिचा धागा थेट आपल्या मुंबई बंदरापर्यंत येऊन पोचला.

या फौजेचं मराठी नाव 'मुक्तिफौज'. इंग्रजीतलं 'साल्व्हेशन आर्मी' हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. लंडनच्या गरीब वस्तीत विल्यम बूथ नावाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने १८६५ साली काम सुरू केलं. १८७८ मध्ये त्या संस्थेला फौजेचं नाव मिळालं. नुसतं नाव नाही हं! गणवेश आला, बँड आला, कॅप्टन, मेजर, जनरल असे हुद्दे आले. बायकांनाही पुरुषांसारखेच हुद्दे मिळायचे. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

१९ सप्टेंबर १८८२ या दिवशी ही फौज मुंबईत उतरली. धक्क्यावर पोलीस सज्ज होते. फौज येणार म्हटल्यावर शेकडो माणसं येतील, दंगा होईल, अशी सरकारला धास्ती. बोटीतून उतरली किती? चार माणसं! तीन पुरुष आणि एक बाई. "बाकीची फौज कधी उतरणार?" असं पोलिसांनी विचारलं आणि "आम्हीच ती फौज," असं उत्तर मिळालं, असं सांगतात.

त्या चौघांचे म्होरके होते फ्रेडरिक टकर. त्यांचा जन्म १८५३ सालचा, बिहारमधल्या मुंगेरचा. इंग्रज सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. पंजाबात साहेब म्हणून काम केलेलं. ती नोकरी सोडून ते मुक्तिफौजेत गेले आणि पुन्हा हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांनी बूटही सोडले. भगव्या रंगाचे देशी कपडे, डोक्याला फेटा, पाय अनवाणी. नावसुद्धा घेतलं 'फकीरसिंग'! मुंबईच्या रस्त्यावर मिरवणुका काढल्या म्हणून आपल्याच इंग्रज सरकारने त्यांना पकडलं, तुरुंगात टाकलं.

त्यांच्याविषयीची एक गोष्ट मला फार आवडते. मुक्तिफौजेतले लोक ती अजून सांगतात. एका गावात टकर आणि त्यांचा सोबती भर उन्हात पोचले. गावाने त्यांना हाकलून दिलं. दोघं थकून एका झाडाखाली झोपले. गावातले लोक हळूच बघायला आले. एकाने झोपलेल्या साहेबाच्या तळपायाला हात लावून पाहिला, तर पाय फोडांनी भरलेला! तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना उठवून आत नेलं, खायला घातलं. त्यांचं भाषण ऐकायच्या आधी लोकांनी त्यांचे पाय पाहिले होते.

आता बोट पकडून आपण एकदम अमेरिकेत जाऊ. पुढे टकर यांचं लग्न विल्यम बूथ यांच्या मुलीशी, एमाशी झालं आणि ते बूथ-टकर झाले. १८९६ पासून अमेरिकेतली सगळी मुक्तिफौज या नवरा-बायकोच्या हाताखाली होती. आणि ८ सप्टेंबर १९०० या दिवशी टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हेस्टन बेटावर हरिकेन येऊन आदळलं.

हरिकेन म्हणजे काही निराळा राक्षस नाही बरं का. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो तेच. अटलांटिक महासागरात त्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानच्या बाजूला टायफून म्हणतात. समुद्राचं पाणी तापतं, वाफ वर चढते, तिच्या जागी चहूबाजूंनी वारा धावत येतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे गरगरायला लागतो. जमिनीवर आलं की वाफेचा पुरवठा तुटतो आणि त्याचा जोर ओसरतो. पण ओसरण्याआधी किनाऱ्याची दैना करून सोडतं.

गॅल्व्हेस्टन म्हणजे भरभराटीचं बंदर. पण बेट इतकं सपाट, की सगळ्यात उंच जागासुद्धा समुद्रापासून नऊ फुटांपेक्षा कमी उंचीवर. आणि त्या दिवशी समुद्र चढला सुमारे पंधरा फूट! तुम्हीच वजाबाकी करा. किमान सहा हजार माणसं गेली. आठ हजार गेली असावीत, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. अमेरिकेत कुठल्याही नैसर्गिक संकटात इतकी माणसं त्याआधी किंवा त्यानंतर एका वेळी गेलेली नाहीत.

त्या बेटावर समुद्राच्या काठी जोगिणींनी, म्हणजे ख्रिस्ती सिस्टरांनी चालवलेला एक अनाथाश्रम होता. पाणी वाढायला लागलं तेव्हा दहा सिस्टरांनी कपडे वाळत घालायची दोरी घेतली आणि लहान मुलांना आपल्या कमरेला बांधून घेतलं. कुणी सुटून वाहून जाऊ नये म्हणून. दहाही सिस्टर आणि नव्वद मुलं गेली. तीन मोठे मुलगे तेवढे एका झाडाला धरून वाचले. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. रोज पन्नास मुलं माझ्या समोर असतात ना.

बेटाला जमिनीशी जोडणारे सगळे पूल मोडले होते. तारा तुटल्या होत्या. अशा वेळी बूथ-टकर यांनी अमेरिकेतल्या ठिकठिकाणच्या आपल्या अधिकाऱ्यांना निघण्याचा हुकूम दिला. हुद्दे आणि गणवेश यांचा उपयोग इथे झाला. फौज असल्यामुळे कुणी 'बघू या, विचार करू या' म्हटलं नाही. अन्न, निवारा आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याजवळ बसणं, हे त्यांचं काम. आपत्तीत धावून जाण्याचं मुक्तिफौजेचं काम तिथून सुरू झालं, असं ती संस्था आजही मानते. मुंबईच्या रस्त्यांवर अनवाणी फिरलेला माणूस त्या कामाच्या सुरुवातीला होता, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

(भिवंडीकरांसाठी जाता जाता : हेच बूथ-टकर १९०७ साली पुन्हा हिंदुस्थानात आले. तेव्हा मुक्तिफौजेने सुधारलेले हातमाग बनवले, विणकामाच्या शाळा काढल्या. म्हणजे खटखट त्यांच्याही ओळखीची होती. आणि अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला जे बूथ हॉस्पिटल आहे ना, तेही मुक्तिफौजेचंच. ते एमाच्या बहिणीच्या, इव्हँजेलिन बूथ यांच्या नावाचं आहे.)

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. ही माणसं जाताना काय घेऊन जातात?

स्वयंपाकघर! मोठ्या ट्रकमध्येच शेगड्या, पाण्याच्या टाक्या, भांडी असं सगळं बसवलेलं असतं. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना नावाचं हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळलं, न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेलं. तेव्हा असे शेकड्याने ट्रक तिकडे धावले आणि त्या मदतकार्यात मुक्तिफौजेने ५० लाखांहून जास्त गरम जेवणं वाढली. दुसरी गंमत म्हणजे रेडिओ. टेलिफोन बंद पडले की माणसं एकमेकांना शोधणार कशी? म्हणून या फौजेने १९८८ पासून हॅम रेडिओवाल्या हौशी लोकांची एक साखळीच बांधून ठेवली आहे. "माझी आई अमुक गल्लीत राहते, ती ठीक आहे का?" असे निरोप त्यावरून जातात.

आणि स्वयंसेवक? मला वाटायचं, वादळ आलं की गाडीत बसायचं आणि जायचं. तसं नसतं. आधी नाव नोंदवायचं, वादळ नसतानाच शिकून घ्यायचं. कुणी भाजी चिरायची, कुणी नावं लिहायची, कुणी ट्रक चालवायचा. न सांगता गेलेला माणूस तिथे स्वतःच जेवणाच्या रांगेत उभा राहतो. आधीच अन्न कमी, त्यात हे एक तोंड आणखी!

कपड्यांबद्दल काय म्हणतात ते वाचलं आणि माझे कान लाल झाले. मदतीचं काम करणारे बहुतेक सगळे हेच सांगतात, की न मागता पाठवलेलं सामान म्हणजे पहिल्या संकटामागून आलेलं दुसरं संकट. गोणी उतरवायला माणूस लागतो. उघडून निवडायला माणूस लागतो. ठेवायला कोरडी जागा लागते आणि पुरात कोरडी जागा हीच तर सोन्यासारखी. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिणमच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. पावसात भिजून कुजले, शेवटी उचलून टाकायलाही माणसं लावावी लागली. म्हणून अशा संस्था सहसा पैसे मागतात. पैशाला गोदाम लागत नाही. शिवाय त्या पैशांनी जवळच्याच गावातून सामान घेतलं तर तिथल्या बुडालेल्या दुकानदाराचंही दुकान पुन्हा उघडतं. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

वर्गात मी हे सगळं सांगितलं तेव्हा एकाने हात वर केला. "बाई, ते ख्रिस्ती आहेत ना? मग फक्त ख्रिस्ती लोकांनाच जेवण देतात का?" आमच्या भिवंडीत हा प्रश्न आला नसता तरच नवल! टकर मुंबईत आले ते धर्म सांगायलाच आले होते, ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यावरून तेव्हा वादही झाले. पण संकटातल्या मदतीचा नियम वेगळा असतो आणि तो लिहिलेला आहे. १९९४ साली रेड क्रॉस आणि काही मोठ्या संस्था एकत्र बसल्या. त्यांत कॅथलिकांची कारितास होती, लुथरन होते, जगभरच्या चर्चची परिषद होती. त्यांनी ठरवलं की मदत गरज बघून द्यायची, धर्म बघून नाही. आणि मदतीच्या आडून कुणाला आपला धर्म किंवा आपलं राजकारण चिकटवायचं नाही. आपल्या देशातही अशा ख्रिस्ती संस्था आहेत. 'कासा' ही फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली सुरू झालेल्या कामातून उभी राहिली, तर कारितास इंडिया १९६२ सालची. नियम सगळे सगळीकडे पाळतात का, असंही त्या मुलाने विचारलं. मी म्हटलं, नियम लिहिलेला असला की निदान "हे चूक आहे" असं बोट दाखवता येतं.

पुढच्याच वर्षी वादळ आपल्या दारात आलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. नाव बांगलादेशाने दिलेलं. तेरा देशांनी मिळून केलेल्या १६९ नावांच्या नव्या यादीतलं हे पहिलंच नाव. मुंबई-ठाण्यालाही धोक्याचा इशारा होता. आम्ही भिवंडीत खिडक्या लावून, पाणी भरून बसलो होतो. आमच्याकडे फांद्या पडल्या, वीज गेली, तेवढ्यावर निभावलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागात मात्र घरांवरची कौलं आणि पत्रे पानांसारखे उडाले. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावलं की पीक हाती यायला सहा-सात वर्षं तरी जातात. म्हणजे एका दुपारी इतक्या वर्षांची मिळकत गेली. कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्यात करोनाची टाळेबंदी आणि पाऊस तोंडावर आलेला.

शाळा बंद होती. माझ्या जुन्या वर्गाचा, म्हणजे आता पाचवीत गेलेल्या मुलांचा, पालकांच्या फोनवर एक गट होता. त्यावर एक मेसेज आला. "बाई, तिकडे काय पाहिजे ते आधी विचारलं का?"

मी विचारलं. श्रीवर्धनजवळच्या एका शिक्षिकेची ओळख निघाली, तिचा फोन दोन दिवसांनी लागला. ती म्हणाली, "ताडपत्री. पत्रे मिळेपर्यंत ताडपत्री. आणि मेणबत्त्या. कपडे आहेत गं, वाळवायला जागा नाही." आम्हाला जमले तेवढे पैसे पाठवले. फार नव्हते. टाळेबंदीत लूम बंद, आमच्या पालकांचेच हात रिकामे होते.

अरे हो, त्या अकरा गोण्यांचं काय झालं ते राहिलंच! आम्ही त्या वर्गातच उघडल्या आणि निवडल्या. धडधाकट कपडे एका बाजूला, फाटके दुसऱ्या बाजूला. फाटक्यांच्या सात गोण्या भरल्या. भिवंडीत चिंधीचा धंदा मोठा आहे. मशीन पुसायला चिंध्या लागतात. एका चिंधीवाल्या काकांनी त्या काट्यावर घातल्या आणि रोख पैसे दिले. त्या पैशांचे आम्ही झाडू आणि फिनेल घेतलं. त्याच दादाकडे नेऊन दिलं. या वेळी त्याने हात जोडले नाहीत, पावती दिली. पावती वर्षभर वर्गाच्या भिंतीवर होती.

पोपटी फ्रॉक मी त्या मुलीला परत द्यायला गेले. तिने हात मागे घेतले. "नको बाई. मी दिलाय तो." घरी नेला असता तर तिचीही पंचाईत झाली असती, हे मला मागाहून समजलं. घरी सगळ्यांना ऐटीत सांगून आणला होता ना!

मग दिवाळीनंतर आमच्या गावाबाहेरच्या वीटभट्ट्या सुरू झाल्या. भट्टीवर दरवर्षी कातकरी कुटुंबं येतात. तिथे एक छोटी मुलगी दिसली, फ्रॉक तिच्या मापाचा वाटला. मी आणि ती मुलगी, दोघी गेलो. या वेळी शहाणपणा सुचला होता. पिशवी बाहेर न काढता तिच्या आईला आधी विचारलं, "मुलीसाठी फ्रॉक आहे. हवा आहे का?"

आईने मुलीकडे पाहिलं, मग गरम राखेने माखलेल्या जमिनीकडे पाहिलं. म्हणाली, "झगा आहे बाई तिला. चप्पल असंल तर बघा."

आम्ही त्या छोटीचं पाऊल माझ्या वहीच्या कागदावर ठेवलं आणि पेन्सिलने भोवती रेघ मारून माप घेतलं. फ्रॉक अजून माझ्या कपाटात आहे.